घर उतरवताना

पावसाळा तोंडावर आला की पुण्यात, नाशकात, साताऱ्यात पालिकांच्या नोटिसा निघतात. धोकादायक वाड्यांच्या याद्या लागतात, काही बिऱ्हाडांना घर रिकामे करायला सांगितले जाते आणि त्यांच्या पाठोपाठ वाडा पाडणारा ठेकेदार येतो. त्याला समोर दिसते ते लाकूड. सागवान किती घनफूट निघेल, खांब किती अखंड हाती लागतील, नक्षीच्या चौकटीला कोण किती देईल, याचा हिशेब मनाशी करून तो मालकांना एकरकमी आकडा सांगतो. वाटण्यांनी आणि दाव्यांनी थकलेले मालक तो मान्य करतात. मग पहारी चालू लागतात. तुळई नीट सोडवायला वेळ लागतो, म्हणून ती मधेच कापली जाते. खांब एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात जातात, चौकट कोणाच्या फार्महाऊसला लागते, कड्या वखारीत पडतात आणि उरलेली माती डंपरने गावाबाहेर जाते. दीड-दोनशे वर्षे एकमेकांना धरून उभे असलेले लाकूड दहा दिशांना पांगते. ते कसे धरून उभे होते, हे सांगणारा एक कागदही मागे राहत नाही.

वाडे वाचवा ही मागणी जुनी आहे आणि रास्त आहे. जिथे शक्य आहे तिथे वाडा जागच्या जागीच दुरुस्त व्हावा, याबद्दल दुमत नसावे. पण दरवर्षी काही वाडे पडणारच आहेत. त्यांचे काय, या प्रश्नाकडे आपण सरळ पाठ फिरवली आहे. लाकडी सांगाड्याचे घर सुटे करून दुसऱ्या जागी पुन्हा उभे करता येते. स्वीडनमध्ये आर्टुर हाझेलियस यांनी स्टॉकहोमला १८९१ मध्ये ‘स्कान्सेन’ हे खुले संग्रहालय उघडले आणि देशभरातली लाकडी घरे तिथे आणून उभी केली. तेव्हापासून हे काम अनेक देशांत शिस्तीने चालू आहे. त्याला काय लागते आणि त्यातून नेमके काय वाचते, हे कळण्यासाठी एक घर जवळून पाहणे बरे.

चीनच्या आन्ह्वे प्रांतातला ह्वेचौ हा डोंगराळ मुलूख. शेतीला जमीन थोडी, म्हणून इथले पुरुष पिढ्यानुपिढ्या व्यापारासाठी बाहेर पडले आणि दूरच्या शहरांत कमावलेला पैसा त्यांनी गावाकडच्या घरांत घातला. ह्वांग छुन नावाच्या गावात १८०० च्या सुमारास ह्वांग घराण्यातल्या एका व्यापाऱ्याने ‘यिन यू थांग’ हे दुमजली घर बांधले. निजायच्या १६ खोल्या, मधे चौक, चौकात माशांची दोन दगडी टाकी आणि वर मोकळे आकाश. बाहेरून पाहिले तर उंच, जवळजवळ कोऱ्या भिंती. घराचे सगळे तोंड आत, चौकाकडे. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे घर परके वाटणार नाही. तिथले जगणेही परके वाटणार नाही. कर्ते पुरुष वर्षानुवर्षे शहरात, अधूनमधून गावी येणारे. घर सांभाळणाऱ्या बायका, मुले आणि म्हातारी माणसे. मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालणाऱ्या कोकणातल्या घरांची कहाणी याहून फार वेगळी नव्हती.

या घरात ह्वांग घराण्याच्या आठ पिढ्या राहिल्या. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेवटची माणसे बाहेर पडली आणि घर बंद झाले. १९९६ मध्ये ते विकण्याचा विचार करायला कुटुंबातले लोक जमले होते, त्याच सुमारास चिनी कलेच्या अभ्यासक नॅन्सी बर्लिनर तिथे पोहोचल्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सेलम शहरातले पीबडी एसेक्स संग्रहालय हे घर घ्यायला तयार झाले. या संग्रहालयाचे मूळ १७९९ मध्ये स्थापन झालेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांच्या मंडळात आहे. सेलमची जहाजे चीनला आणि हिंदुस्थानला जात, तेव्हापासून पूर्वेकडच्या वस्तू जमवण्याची त्या गावाला सवय. पण अख्खे घर आणणे ही वेगळीच गोष्ट होती. ह्वेचौतल्या स्थानिक शासनाशी करार झाला आणि त्यात त्या भागातल्या वास्तुजतनाला मदत करण्याचीही बाजू होती.

१९९७ मध्ये घर उतरवायला घेतले. उतरवण्याआधी त्याचे मोजमाप झाले, नकाशे निघाले, खोलीखोलीची छायाचित्रे झाली. मग एकेक तुकडा सुटा करून त्यावर क्रमांकाची चिठ्ठी बांधण्यात आली. लाकडाचे २,७३५ भाग आणि दगडाचे ९७२. विटा आणि कौले वेगळीच. हा सगळा पसारा १९ कंटेनरांत भरून समुद्रापार गेला. उभारणीसाठी चीनमधून सुतार आणि गवंडी सेलमला आले आणि जुन्या लाकडी बांधकामाची माहिती असलेल्या अमेरिकी कारागिरांबरोबर त्यांनी काम केले. घर लोकांसाठी खुले झाले ते जून २००३ मध्ये. म्हणजे उतरवायला काही महिने आणि उभे करायला वर्षे लागली. हे प्रमाण ध्यानात ठेवण्यासारखे आहे, कारण आपल्याकडे जुने घर हलवण्याची गोष्ट निघाली की चर्चा वाहतुकीच्या खर्चावरच अडते. वाहतूक हा या कामातला सर्वांत सोपा भाग.

अवघड भाग लाकडाच्या दुरुस्तीचा. लाकडी घर कुजते ते ठराविक जागी: खांबाच्या पायाशी, जिथे जमिनीतली ओल चढते, तुळईच्या टोकाशी, जिथे ती भिंतीत गाडलेली असते, आणि जिथे छप्पर गळत राहिले तिथे. बाकीचे लाकूड बहुधा ठणठणीत असते. घाईत काम करणारा माणूस पाय कुजलेला खांब टाकून देतो आणि नवा घडवतो. जाणता सुतार तसे करत नाही. तो खांबाचा कुजका भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत तासून काढतो, उरलेल्या टोकाला तिरकी, पायरीची खाच घेतो, त्याच जातीच्या आणि शक्य तितक्या तशाच रेषांच्या लाकडाचा तुकडा तिच्यात बसवतो आणि आडव्या खुंट्या ठोकून सांधा बांधतो. जुने लाकूड कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे जवळ जाऊन पाहणाऱ्याला दिसते. ते दिसावेच, लपवू नये. दोन हातांचा जोड देऊन बाकी सगळा खांब वाचतो आणि त्याबरोबर मूळ सुताराच्या हत्याराच्या खुणाही वाचतात. अशा एका सांध्याला कुशल माणसाचा कितीतरी वेळ जातो. पैसा लागतो तो इथे.

हत्याराच्या खुणांचे महत्त्व केवळ हौसेपुरते नाही. लाकडी सांगाड्याचे घर मुळात सुटे घडवले जाते. सुतार आधी जमिनीवर लाकूड जुळवून पाहतो, कुसू खोबणीत बसते की नाही याची खात्री करतो, मग सगळे सोडवून जागेवर उभे करतो. कोणता भाग कुठला, हे विसरू नये म्हणून तो खुणा करतो. चिनी सुतार शाईने लिहीत. इंग्लंडमधल्या जुन्या सुतारांनी रोमन आकड्यांसारख्या रेघा पटाशीने लाकडातच कोरल्या, आणि पाच-सहाशे वर्षांनी घर उतरवणाऱ्यांना त्याच रेघा वाचून उभारणीचा क्रम लावता येतो. काँक्रीटची इमारत सोडवली की ती मोडते. लाकडी घराला सुटे होणे त्याच्या जन्मापासून ठाऊक असते. म्हणून ते हलवणे हा त्याच्या प्रकृतीविरुद्ध केलेला खटाटोप ठरत नाही.

आपला वाडाही याच जातीचा. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्याच्या खळग्यात खांबाचे कुसू, खांबाच्या माथ्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण, आणि घर केवढे हे सांगायचे ते खणांच्या हिशेबात. भिंती जाडजूड दिसल्या तरी भार मुख्यतः लाकडावर असतो. माती, भेंडे किंवा वीट ही त्या सांगाड्यातली भर. पांढऱ्या मातीची भिंत पडली तरी कडीपाट अधांतरी दिसतो पण उभा राहतो, हे पावसाळ्यात अनेकांनी पाहिले असेल. भिंती नेता येत नाहीत, त्या नव्या जागी तशाच मातीत पुन्हा घालाव्या लागतात. सांगाडा मात्र अख्खा नेता येतो. अट एकच, तो पहारीने पाडलेला नसावा, सुताराने सोडवलेला असावा.

यिन यू थांग पुन्हा उभे करताना आणखी एक प्रश्न आला. तो आपल्याला सतावल्याशिवाय राहणार नाही. घर उभे करायचे ते कोणत्या वर्षीचे? दोनशे वर्षांत त्या घरात बरेच काही घडले होते. काही खोल्यांच्या भिंतींवर छापील कागद डकवलेले होते, कुठे जुनी वर्तमानपत्रे चिकटवलेली होती. साम्यवादी राजवट आल्यावर जमीनसुधारणेत घराचा काही भाग दुसऱ्या कुटुंबांना वाटून दिला गेला होता. माओंच्या काळातली चित्रे होती, आणि गावच्या घोषणा घरात ऐकू याव्यात म्हणून लावलेला ध्वनिक्षेपकही. हे सगळे खरवडून १८०० सालचे स्वच्छ, देखणे व्यापाऱ्याचे घर दाखवता आले असते. संग्रहालयाने ते केले नाही. शेवटचा माणूस बाहेर पडला तोवरच्या साऱ्या थरांसकट घर उभे केले.

इंग्लंडमध्ये याच्या उलट निर्णयाचे उत्तम उदाहरण आहे. केंट परगण्यात चिडिंगस्टोनजवळ पंधराव्या शतकाच्या आरंभी बांधलेले बेलीफ नावाचे शेतकऱ्याचे घर होते. १९६० च्या दशकात तिथे बाव बीच जलाशय बांधायचे ठरले आणि घर पाण्याखाली जाणार हे नक्की झाले. रॉय आर्मस्ट्राँग यांच्या पुढाकाराने १९६७ मध्ये स्थापन झालेल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाने ते उतरवून ससेक्समधल्या सिंगलटन इथे नेले आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा बांधले. घराच्या मधल्या उंच दालनात मूळ चूल जमिनीवरच असे आणि धूर छपराच्या दिशेने वर जाई. पुढे सतराव्या शतकात कोणी तरी धुराडे बांधून घेतले होते. पुनर्बांधणीत ते धुराडे आणि नंतरची भर गाळली आणि घर सोळाव्या शतकाच्या आरंभी जसे असेल तसे उभे केले. त्यामुळे आज पाहणाऱ्याला त्या काळचे दालन, उघडी चूल, धुराने काळवंडणारे लाकूड हे सारे प्रत्यक्ष अनुभवता येते. हा लाभ मोठा आहे. पण धुराडे बांधणाऱ्या पिढीला त्या घरातून कायमचे बाहेर काढून तो मिळवला आहे.

आमचा कौल पहिल्या पद्धतीकडे आहे. विशेषतः वाड्यांच्या बाबतीत. पेशवाईतला वाडा म्हणून जे आपण डोळ्यांपुढे आणतो, त्यात भाडेकरू नसतात. पण पुण्या-नाशकातल्या वाड्यांचे गेल्या शंभर वर्षांचे जगणे भाडेकरूंनीच घडवले. चौकाभोवतीच्या ओसरीला पत्र्याची किंवा फळ्यांची आडभिंत घालून काढलेली दोन खोल्यांची बिऱ्हाडे, जिन्याखालची विजेच्या मीटरांची रांग, चौकातला सार्वजनिक नळ, शहाबादी फरशीची मोरी, एका कोनाड्यात देव आणि दुसऱ्यात रेडिओ. कारकून, शिक्षक, छापखान्यातले कामगार, शिकायला आलेली मुले यांनी अशा खोल्यांत संसार केले. उद्या एखादा वाडा पुन्हा उभा करताना हे सगळे अतिक्रमण समजून झाडून टाकले आणि सुरूदार खांब तेवढे पॉलिश करून मांडले, तर हाती राहील ती सिनेमाच्या सेटची शोभा. एखादे तरी बिऱ्हाड जसेच्या तसे, मोरीसकट राहू द्यावे.

घराबरोबर जे जात नाही त्याचीही नोंद घेतली पाहिजे. ह्वांग छुनची गल्ली, शेजारची घरे, तिथला पाऊस, गावातल्या माणसांचे येणे-जाणे यांतले काहीही सेलमला आले नाही. अटलांटिकच्या काठावरच्या हिमवर्षावात ते घर आज उभे आहे. चीनचा वारसा अमेरिकेने का न्यावा, हा आक्षेप घेतला गेला आणि तो गैर म्हणता येत नाही. जगभरच्या वास्तुजतनतज्ज्ञांनी १९६४ मध्ये व्हेनिसला जी सनद मंजूर केली, तिच्या सातव्या कलमात स्मारक हे ज्या जागेवर आहे तिच्यापासून वेगळे काढता येत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. वास्तू वाचवण्यासाठी दुसरा इलाजच नसेल किंवा राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय हिताची तशीच मोठी निकड असेल, तरच ती हलवायला त्या कलमाने मुभा ठेवली आहे. ही अट आपण सोडता कामा नये. कारण घर हलवता येते, एवढेच कळले तर सर्वांत आधी त्याचा फायदा घेतील ते मोक्याच्या जागेवर डोळा असणारे. वाडा हलवतो, जागा मोकळी द्या, असे म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, जागेवर दुरुस्ती का होत नाही?

तरीही असे प्रसंग येतात, जिथे हा प्रश्न विचारून झालेला असतो आणि उत्तर नकारार्थीच असते. धरण हा त्यांतला सर्वांत ढळढळीत. बेलीफ गेले ते जलाशयासाठी. जपानमध्ये मिबोरो धरणाच्या वेळी शोकावा खोऱ्यातले यानोहारा कुटुंबाचे उंच, गवताने शाकारलेल्या छपराचे घर १९६० मध्ये योकोहामाच्या सांकेइएन बागेत नेण्यात आले. आपल्याकडे कोयनेच्या आणि उजनीच्या पाण्याखाली गावेच्या गावे गेली. उजनीचे पाणी उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला जातात. घरांचे तसे नाही. घरे मोडून वासे, दारे, कौले बैलगाडीत घालून लोकांनी नव्या गावठाणात नेली, जमेल तशी पुन्हा लावली. घर हलवण्याची कला आपल्याला परकी नव्हती. पोटाच्या निकडीने आपल्या शेतकऱ्यांनी ती वापरली. त्या वेळी एखाद्या खोऱ्यातले एक तरी घर संपूर्ण, मोजून-मापून उतरवून ठेवावे, असे कोणाला सुचले नाही. राज्य नवे होते, वीज आणि पाणी ही तातडीची गरज होती, हे समजून घेता येते. आज तीच सबब चालणार नाही.

भारतात हे काम झालेलेच नाही, असे मात्र नाही. चेन्नईजवळ मुट्टुकाडू इथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘दक्षिणचित्र’मध्ये केरळ, तमिळनाडू, कर्नाटक आणि आंध्र या भागांतली घरे आहेत, त्यांतली कित्येक मूळ जागेवरून उतरवून आणलेली. डेबोरा त्यागराजन यांनी ते उभे केले आणि त्याच्या रचनेत लॉरी बेकर यांचा हात होता. आपल्या बायकांच्या अंगावरच्या इरकली लुगड्याचे माहेर असलेल्या इलकलच्या विणकराचे घरही तिथे पाहायला मिळते.

मणिपालची गोष्ट महाराष्ट्राला अधिक लागणारी आहे. विजयनाथ शेणॉय हे बँकेत नोकरी करणारे गृहस्थ. पडत चाललेल्या जुन्या घरांचे खांब, दारे, छते विकली जात आहेत, हे पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यांनी ती गोळा करायला सुरुवात केली. आधी स्वतःचे राहते घर त्या लाकडातून उभे राहिले. पुढे त्याच ध्यासातून मणिपालला घरांचा एक गावच वसला. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची घरे, मठ, दरबारी दालने आणि नवायत मुसलमानांचे घर तिथे शेजारी-शेजारी आहेत. त्यांच्यातच पेशवाईच्या काळातले एक लाकडी घर आहे, आणि ते वाईहून नेलेले आहे. कृष्णेकाठच्या एका घराला आसरा मिळाला तो परराज्यात, एका माणसाच्या जिद्दीमुळे. त्याबद्दल मणिपालचे ऋण मानावे. वाईत, साताऱ्यात, पुण्यात त्या घराला जागा देणारे कोणी नव्हते, हा सल आपला.

आपल्याकडे प्रयत्न झाले ते तुरळक आणि व्यक्तींच्या बळावर. काकासाहेब केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष उचलून आणले आणि पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात ते दालन पुन्हा जुळवले. हजारो वस्तू एकट्याने जमवणाऱ्या माणसाला ते जमले. त्याचे कौतुक करावे तितके थोडे. पण तेही एका दालनापुरते. अख्खा वाडा, त्याच्या चौकासह, देवघरासह, माजघर आणि परसासह उतरवून उभा करण्याचे काम महाराष्ट्रात संस्था म्हणून कोणी अंगावर घेतलेले नाही.

यात मालकांना दोष देऊन भागणार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली आणि ती अनेक ठिकाणी इतकी नाममात्र राहिली की, त्यातून छपराची कौलेही बदलता येईनात. पिढ्या वाढल्या तसे वारस वाढले. एका वाड्याच्या मालकीपत्रकावर दहा-वीस नावे असतात आणि त्यांतले निम्मे लोक परगावी किंवा परदेशी. कोणी सही देत नाही म्हणून दुरुस्ती होत नाही, दुरुस्ती होत नाही म्हणून वाडा गळतो आणि गळता वाडा एक दिवस धोकादायक ठरतो. मुंबईत १९९५ मध्ये वारसावास्तूंसाठी नियमावली आली, पुढे इतर शहरांनीही याद्या केल्या. त्या याद्यांत बहुतेक जागा मिळाली ती नावाजलेल्या वास्तूंना. गल्लीबोळातले, कोणा सरदाराचे नाव नसलेले, तीन-चार खणांचे वाडे याद्यांबाहेरच राहिले. आज पाडले जात आहेत ते मुख्यतः हे. आणि मध्यमवर्गाचा, कारागिराचा, भिक्षुकाचा, किरकोळ सावकाराचा इतिहास असेल तर तो यांतच आहे.

म्हणून सुचवायचे ते मोठ्या स्मारकाबद्दल नाही, एका साध्या नियमाबद्दल आहे. शंभर वर्षांपेक्षा जुना, लाकडी सांगाड्याचा कोणताही वाडा पाडण्याची परवानगी देण्याआधी त्याची मोजमापे, खणाखणाचे नकाशे आणि छायाचित्रे झालीच पाहिजेत, आणि ती पालिकेत जमा झाली पाहिजेत. महाराष्ट्रात वास्तुशास्त्र शिकवणारी महाविद्यालये भरपूर आहेत. मोजणी हा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग आहेच. त्या कामाला इथे खरा उपयोग मिळेल. मात्र नोंद कोणी केली आणि ती पुरेशी आहे का, हे तपासणारा जाणकार सुतार किंवा अभियंता हवा. नुसते फोटो काढून फाइल बंद करणे उपयोगाचे नाही. कुसू कसे घेतले होते, हस्त खांबाला कसा धरला होता, तुळईचा जोड कुठे आला होता, हे त्या नोंदीत आले तरच पुढच्या सुताराला ती वाचता येईल.

दुसरी गोष्ट लाकडाच्या किमतीची. ठेकेदार मालकाला लाकडाचे पैसे देतो, आणि अनेक मालकांना त्याच पैशांची गरज असते. संस्थेने किंवा पालिकेने वाडा उतरवून न्यायचा म्हटले तर निदान तेवढी रक्कम मालकाच्या हाती पडली पाहिजे. वारशाच्या नावाने त्याला तोट्यात घालण्याचा अधिकार कोणाला नाही. वारसावास्तू जपणाऱ्याला विकासहक्काच्या रूपाने मोबदला देण्याची पद्धत आपल्या नियमांत आहे. नीट उतरवून दिलेल्या वाड्यालाही तिचा काही अंश लागू करता येईल. राहत्या भाडेकरूंचे पुनर्वसन हा यातला सगळ्यात किचकट धागा, आणि तो सुटल्याशिवाय कोणत्याही वाड्याच्या खांबाला हात लावू नये.

आणि जागा. एखाद्या नदीकाठच्या किंवा डोंगरपायथ्याच्या गावात काही एकर सरकारी जमीन, आरंभी दोन-तीनच वाडे. सगळ्या महाराष्ट्राचे नमुने एकाच वेळी मांडण्याचा हव्यास नको. देशावरचा कडीपाटाचा वाडा आणि उतरत्या छपराचे कोकणी घर यांना लागणारी माती वेगळी, कारागीर वेगळे. घर आले की त्याच्याबरोबर सुतारही यावेत, आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुले यावीत. वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयाने हे नेमके ओळखले. तिथे आज लाकडी बांधकाम आणि त्याच्या जतनाचे रीतसर शिक्षण मिळते. आपल्याकडे खांबाला जोड देऊ शकणारे, तुळई न कापता सोडवू शकणारे सुतार अजून आहेत. देवळांची आणि जुन्या घरांची दुरुस्ती करून ते पोट भरतात. त्यांची मुले मॉड्युलर किचन बसवायला जातात, कारण त्यात नियमित काम आहे. अशा एखाद्या जागी त्यांना वर्षभराचे काम मिळाले, तर वाड्यांच्या जागेवरच्या दुरुस्तीलाही पुढे तेच हात उपयोगी पडतील, आणि मग हलवावे लागणारे वाडे कमी होतील.

नोटिसांच्या मोसमाकडे परत यायचे तर पालिकांनी एक बदल लगेच करावा. धोकादायक वाड्यांची पाहणी मे महिन्यात उरकण्याऐवजी दिवाळी सरल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात करावी. छपरावर चढता येते, लाकूड कोरडे असते, वाळवीच्या रेघा आणि कुजलेली टोके दिसतात, मालक-भाडेकरूंशी बोलायला वेळ असतो. कोणता वाडा टेकू देऊन आणि चार कड्या बदलून उभा राहील, कोणता उतरवावा लागेल, याचा निर्णय संक्रांतीपर्यंत व्हावा. उतरवायचा असेल त्याचे काम उन्हाळ्यात सुतारांकडून, क्रमांक घालून व्हावे, आणि पहिला पाऊस पडायच्या आत ते लाकूड गोदामात, जमिनीपासून वर, वारा खेळेल अशा थप्प्यांत रचलेले असावे. ते पुन्हा उभे करायला पाच वर्षे लागली तरी चालतील.